चौदा मोसमांचे लेगबाय

"अंकल, हे शरीफ… ते कोण आहेत?"

महेकने लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं, आणि दयानंदच्या हातातला चहा बशीत सांडला. एचआरच्या माणसाने एखाद्याचं नाव इतक्या प्रेमाने घेतलं की त्या माणसाचं काही खरं नसतं, हे त्याला बावीस वर्षांच्या मस्कतने शिकवलं होतं.

"शरीफ म्हणजे आपला स्टोअरकीपर. टीमचा विकेटकीपर."

"हो हो. ते पाहिलं मी."

महेकचा जन्म मस्कतचा, शाळा मस्कतची, आईवडील चिपळूणचे. दयानंदशी ती आवर्जून मराठी बोलायची आणि ओल्या लादीवरून चालल्यासारखा एकेक शब्द जपून टाकायची.

कंपनी एसीचे डक्ट बसवायची. पण अर्बाबचा, म्हणजे ओमानी मालकाचा, जीव डक्टमध्ये नव्हता, क्रिकेटमध्ये होता. कंपन्यांच्या लीगचा नियम असा, की खेळाडू कंपनीच्या व्हिसावर हवा. त्यामुळे जून-जुलैत, पारा सेहेचाळिसावर आणि मैदानात चिटपाखरू नाही अशा दिवसांत, अल् खुवैरच्या थंडगार ऑफिसांतून खेळाडूंची देवघेव चाले. यांचा डावखुरा फिरकीवाला कागदोपत्री प्लंबर होता. त्याने आयुष्यात नळाला हात लावला तो फक्त हात धुवायला. सलामीचा फलंदाज सुतार-मदतनीस होता. सबंध टीममध्ये कागदावर जे लिहिलंय तेच काम करणारा एकटा शरीफ; आणि म्हणूनच तो सगळ्यात धोक्यात होता. स्टोअरकीपरच्या जागी ओमानी मुलगा कधीच नेमता आला असता. शरीफ टिकला होता तो विकेटकीपर म्हणून.

आणि विकेटकीपर म्हणून तो टिकला होता दयानंदमुळे.

शरीफचे गुडघे वाकत नसत. नमाजाला तो खुर्ची घ्यायचा. विकेटमागे खुर्ची घ्यायची सोय क्रिकेटच्या नियमांत नव्हती. तो ताठ उभा राहायचा आणि चेंडू त्याला ओळखत असल्यासारखे पायांमधून निघून जायचे. असा फलंदाजाला आणि कीपरलाही चुकवून गेलेला चेंडू 'बाय' म्हणून लिहितात, आणि तो डाग कीपरच्या नावावर राहतो. तोच चेंडू जाता जाता फलंदाजाच्या पायाला चाटून गेला असेल, तर 'लेगबाय'. त्यात कीपरचा दोष नाही. दयानंद टीमचा मॅनेजरही होता आणि स्कोअररही. अंपायर हात वर करून बायची खूण करायचा, दयानंद हात वर करून खूण मिळाल्याची पोच द्यायचा, आणि शेजारच्या, लेगबायच्या रकान्यात लिहायचा. चौदा मोसम त्याच्या वहीत प्रत्येक चेंडू कुणाच्या ना कुणाच्या पायाला चाटून गेला होता.

"सगळ्या वह्या मी अपलोड केल्या," महेक म्हणाली. "फोर्टीन सीझन्स, झीरो बाइज! अंकल, असा कीपर वर्ल्डमध्ये नाही आहे. दुक्मची कंपनी नवीन टीम बनवतेय ना, त्यांनी आपली लिस्ट पाहिली. ते आपल्याला नुमान देतात. फास्ट बोलर. बदल्यात त्यांना हे शरीफ अंकल पाहिजे. अर्बाब एकदम हॅपी."

"मॅडम, त्याचं वय एकोणपन्नास आहे."

"पण झीरो बाइज."

"गुडघे जरा…"

महेकने प्रथमच मान वर केली. "म्हणजे? रेकॉर्ड करेक्ट नाही आहे? तसं असेल तर सांगा, अंकल. मग मला त्यांचा व्हिसा कॅन्सल करावा लागेल. स्टोअरला ओमानी कँडिडेट रेडी आहे."

तिच्या आवाजात धमकी नव्हती. ती खरंच विचारत होती, हेच वाईट होतं.

दयानंदने हिशेब केला. शरीफची मुलगी मेहविश रत्नागिरीत फार्मसीला होती, अजून दोन वर्षं. खोटं टिकवलं तर शरीफ साडेपाचशे किलोमीटर लांब, दुक्मला. खरं सांगितलं तर समुद्रापलीकडे, आणि मेहविश कॉलेजबाहेर.

"करेक्ट आहे," तो म्हणाला, आणि बदलीच्या कागदावर सही केली.

मस्कतच्या कडेला, माबेलात, दोघांची मिळून एक खोली होती. तिथे शरीफ बांगडे तळत होता. एसी बावीसवर होता. शरीफला लागायचा अठरा, दयानंदला सव्वीस. पहिल्या वर्षी भांडून झाल्यावर बावीसवर तह झाला होता आणि रिमोट फ्रिजवर, म्हणजे तटस्थ भूमीवर ठेवायचं ठरलं होतं.

"शरीफ, तुका दुक्मवाल्यांनी मागल्यानी."

"मना? कशाला? स्टोअरला?"

"किपिंगला."

शरीफ इतका हसला की त्याला ओटा धरावा लागला. "माजे गुडघे बगलेत काय त्यांनी?"

"वही बघितल्यानी."

हसणं थांबलं. शरीफने एक बांगडा उलटला. तो आधीच उलटलेला होता.

"ना म्हणून सांगायचा."

"ना म्हटला तर कॅन्सल."

शरीफने गॅस बारीक केला.

"दुक्मात बांगडा मिलतो काय रे?"

"बंदर आसा. मिळात."

"मंग झाला," शरीफ म्हणाला आणि मोठा बांगडा दयानंदच्या ताटात टाकला.

ऑगस्टच्या सुरुवातीला कंपनीची पिकअप आली. शरीफने ग्लोव्हज बॅगेत वरती ठेवले. चौदा वर्षांत त्यांची शिवणसुद्धा उसवली नव्हती. निघताना तो म्हणाला, "येसी आता सव्वीसवर ठेव. खलास, तुजाच राज."

नुमान आला. त्याला अर्बाबने अल् खुवैरात फ्लॅट दिला. वेगवान गोलंदाज माबेलात राहत नसतात. शरीफची खाट तशीच राहिली. दयानंदने एसी सव्वीसवर ठेवला आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की सव्वीसवर यंत्राचा आवाजच येत नाही. खोली इतकी गप्प असू शकते, हे त्याला माहीत नव्हतं.

मोसमाचा पहिला शुक्रवार. सकाळच्या सामन्यात नव्या चपळ कीपरच्या हातून एक चेंडू निसटला. अंपायरने हात वर केला, दयानंदने हात वर केला, आणि बायच्या रकान्यात चार लिहिले. त्या रकान्यात त्याच्या हाताने काही लिहिलं गेलं ते चौदा मोसमांत पहिल्यांदाच.

दुपारी जेवून तो आडवा झाला तोच फोन वाजला.

"जेवलास?"

"जेवलंय. तुझी मॅच?"

"झाली. तेवीस बाय." शरीफच्या मागे वारा घोंघावत होता. "हितला स्कोअरर केरलचा हाय. नजर लय साफ त्याची."

दयानंद उठून बसला. "काढतत काय रे तुका?"

"नाय रे. मॅनेजर बोलला, किपिंग बंद, स्टोअर चालू ठेव. हित यायला तयार कोन हाय? सगल्यांना मस्कत पायजे." मग म्हणाला, "दया, ते सगले पायाला लागत नवते. मना ठाव होता."

"माका लांबसून तसाच दिसायचा."

"चष्मा बदल," शरीफ म्हणाला. मग वाऱ्यात काहीतरी बोलला, ते दयानंदला ऐकू आलं नाही, आणि रेंज गेली.

दयानंदने दोनदा फोन लावून पाहिला. मग उठून फ्रिजवरचा रिमोट घेतला. पंचवीस, चोवीस, तेवीस. बावीसवर बोट जरा थांबलं. मग तो थेट अठरावर गेला. यंत्र घरघरायला लागलं. खाटेवर येऊन त्याने पांघरूण कानांवरून ओढून घेतलं आणि समोरच्या रिकाम्या खाटेकडे कूस वळवली.

"थंडीन मारतलंस एक दिवस माका," तो मोठ्याने म्हणाला.