सदुसष्ट नंबरातली अकरा घरं

संस्थेच्या वहीत सदुसष्ट नंबर एकच होता, आणि त्या एका नंबरात अकरा घरं होती. ही करामत चावीताईची.

अठरा वर्षं ती वस्तीचे व्हॉल्व्ह फिरवत होती. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ती निघाली की लोक घड्याळं लावत, म्हणून हे नाव पडलं. पाणीपुरवठा संस्थेची वहीही तीच लिहायची, आणि लिहायची ती आपल्या पद्धतीने. एकदा चावी फिरवली की जेवढ्यांना पाणी जातं, तेवढे सगळे मिळून एक नंबर. बाकी घरांना आपापला व्हॉल्व्ह, आपापला नंबर; मागच्या गल्लीला सगळी मिळून व्हॉल्व्ह एक, म्हणून नंबर एक. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला याहून सरळ काय सुचणार?

आता वस्ती शहरात जात होती. रस्ते आणि दिवे आधीच गेले होते, आज पाणी आणि गटार. चार वाजता संस्थेचा हक्क संपणार आणि शहराचा सुरू होणार. यादीतल्या प्रत्येक नंबराला शहर पाणी देणार आणि दारासमोर गटाराचं चेंबरही बांधणार. यादीत नसेल त्याने नवा अर्ज करायचा. नवी जोडणी मिळायची ती मोठी लाइन पडल्यावर, म्हणजे तीन वर्षांनी, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर.

अडीच वाजता पंपघरातल्या टेबलाशी शहराचा इंजिनिअर हातातल्या टॅबवर यादी वाचत होता. शेजारी संस्थेचा अध्यक्ष, म्हणजे चावीताईचा धाकटा दीर, नवा शर्ट घालून बसला होता.

"सदुसष्ट, मागची गल्ली," इंजिनिअर म्हणाला. "घर क्रमांक सांगा."

"कुठल्या घराचा?" समोर उभ्या चावीताईने विचारलं. "अकरा आहेत."

इंजिनिअरने मान वर केली. "माझ्याकडे एक नंबर म्हणजे एक घर. एक नळ, एक चेंबर."

महिनाभर शहराची माणसं वही घेऊन बसली होती, तिने स्वतः त्यांना चहा पाजला होता, आणि एकानेही विचारलं नाही. तिने तरी कुठे सांगितलं? सांगण्यासारखं काही आहे हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. अकरा घरं, लहानमोठी मिळून पन्नासेक माणसं, आणि उद्यापासून त्यांच्यात नळ एक!

"वहिनी, जाऊ द्या," दीर हळूच म्हणाला. "त्यांना नंतर अर्ज करायला सांगू."

"तीन वर्षं काय पिणार ती? तुमचा अर्ज?"

"चारला यादी बंद होते. मग ती पूर्ण आहे अशी वही लिहिणाऱ्याची, म्हणजे तुमची सही लागते. सही राहिली तर सगळं वर्षभर पुढे जाईल. अकरा घरांसाठी चारशे घरांचं घोडं अडवू नका."

दिराचं चुकत होतं असंही नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. "साहेब, यादीत भर घालता येते का?"

"येते. पण प्रत्येक नळ चालू दिसला पाहिजे. मी जागेवर जाऊन फोटो घेणार, चेंबरची जागा नोंदवणार. चारला हे आपोआप बंद होतं, माझ्या हातात काही नाही." त्याने घड्याळ पाहिलं. "एका घराला तीन-चार मिनिटं तरी लागतात."

"मग बसलात काय? उठा की!"

अध्यक्ष दिराने आधी उठायला नकार दिला, मग शहरात फोन लावून वरच्या साहेबांची परवानगी मागितली, आणि ती मिळेपर्यंत तीन वाजून गेले. तेवढ्यात चावीताई मागच्या चढाच्या गल्लीत धावत जाऊन आली. दार न् दार ठोठावून तिने बजावलं, "पाणी सोडतेय. नळ उघडा आणि साहेब गल्लीतून बाहेर पडेपर्यंत कुणीही बंद करायचा नाही. मेलात तरी नाही!"

खालच्या घरातला शिंपी म्हणाला, "अगं, आत्ता अवेळी? टाकी भरलीय का?"

"तिसरा हिस्सा आहे. पुरेल."

व्हॉल्व्हशी वाकून तिने चावी बसवली आणि सगळं अंग टाकून फिरवली. जमिनीखालून ओळखीची घरघर आली. ही घरघर तिला पोटच्या पोरीच्या आवाजासारखी कळायची. आज ती बारीक होती, पण होती.

शिंप्याकडे नळ धो धो वाहत होता. फोटो झाला, सदुसष्ट नंबरावर शिंप्याचं नाव लागलं, घर क्रमांक झाला, आणि इंजिनिअरने दारासमोर चार पावलं मोजून चेंबरची खूण केली. तीन अठरा. दुसऱ्या घरी मालकाच्या नावावरून दोन भावांची जुंपली. चावीताईने दोघांनाही झापलं आणि त्यांच्या आईचं नाव घातलं. तिसऱ्या घरी टॅब अडकला, पडद्यावरचं चाक नुसतं गोल गोल फिरत राहिलं, आणि इंजिनिअर शांतपणे उभा राहिला. तिला वाटलं, या माणसाला गदागदा हलवावं. पण तो बिचारा काय करणार? त्याच्याही कपाळावर घाम होताच.

पाचवं झालं, सहावं झालं. जसजसे ते चढत गेले तसतसं पाणी रोडावत गेलं. आठव्या घरी धार करंगळीएवढी होती. "चालतं," इंजिनिअर म्हणाला, "वाहतंय ना." नवव्या घरी ती दोऱ्याएवढी झाली. दहाव्या घरची म्हातारी, जिला सगळी गल्ली तिखट मावशी म्हणायची, नळाखाली वाटी धरून बसली होती. थेंबाला थेंब जोडून कशीबशी धार होती. फोटोत ती दिसावी म्हणून इंजिनिअर गुडघ्यावर बसला. तीन पन्नास.

"दहा," तो म्हणाला. "शेवटचं कुणाचं?"

"माझं," चावीताई म्हणाली.

तिचं घर चढाच्या टोकाला होतं. दारात लेक उभी होती, तिचा चेहरा उतरलेला. नळ पूर्ण उघडा होता आणि त्यातून नुसती फुसफुस येत होती.

चावीताई क्षणभर बघतच राहिली. अठरा वर्षांत आपल्या घरचं पाणी येताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. पाण्याच्या वेळी ती असायची खाली, व्हॉल्व्हपाशी. इथे लेक भरायची. आणि लेकीला पाणी मिळायचं कसं? खालच्याचं भरून झालं की तो नळ बंद करायचा आणि वरच्याला ओरडून सांगायचा, "झालं गं!" असं एकेक घर करत पाणी वर चढायचं. ही गल्लीची रीत होती, आणि आज ती रीत तिनेच दार ठोठावून मोडली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"आई, मघाशीच खाली जाऊन सांगत होते मी, नळ बंद करा म्हणून," लेक रडकुंडीला आली होती. "तर म्हणे, तुझ्या आईनेच शपथ घातलीय."

तीन त्रेपन्न. चावीताई दाराबाहेर धावली. "नळ बंद करा! सगळ्यांनी नळ बंद करा!"

मावशीने पहिल्या हाकेला बंद केला. पण खाली कुणी हलेना. नवव्या घरचा खिडकीतून म्हणाला, "साहेब अजून गल्लीत आहेत, ताई. आमचं नाव कापलं तर?" त्याचं भ्यायलेलं तोंड पाहून तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. ती पुढे पळाली. दारोदार, अनवाणी, धापा टाकत. "तुमचं झालं! लागलं यादीत! बंद करा!" आठवा बंद. सातवा बंद. दोघा भावांपैकी एक बंद करतो म्हणे, दुसरा नाही. शेवटी त्यांच्या आईने दोघांना ढकलून तोटी आवळली. शिंप्याने तिला येताना पाहूनच नळ फिरवला आणि वर तोंड करून जुन्या सवयीने ओरडला, "झालं गं!"

ती परत चढ चढली तेव्हा छातीत सुया टोचत होत्या.

इंजिनिअर अंगणात टॅब नळावर रोखून उभा होता. हात हलू नये म्हणून त्याने श्वाससुद्धा रोखला होता. फुसफुस वाढली. नळ खोकला. मग टॅबमधून बारीकसा आवाज आला आणि पडदा राखाडी झाला.

"चार," इंजिनिअर म्हणाला. त्याने दोनदा, तीनदा बोट दाबून पाहिलं. "घेत नाहीये."

त्यानंतर मिनिटभराने पाणी आलं. गल्लीतले दहाही नळ बंद होते, त्यामुळे आलं ते असं जोरात की अंगणभर शिंतोडे उडाले. चौघंही ते बघत उभे राहिले, कारण मावशीही मागून आली होती.

"मी कागदावर लिहून देतो, पाहिलं म्हणून," इंजिनिअर अखेर म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "पण खोटी आशा नाही लावत. यादीत नसलेल्या पाइपच्या फाट्यांना उद्या सकाळी आमची माणसं बूच मारतील."

दीर धापा टाकत वर आला. त्याने नळ पाहिला, टॅब पाहिला आणि काय ते समजला. सहीचा कागद त्याच्याच हातात होता. 'वरील यादी पूर्ण असून एकही चालू जोडणी वगळलेली नाही.' खाली रेघ, आणि रेघेखाली तिचं पद.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "नका करू सही. मी निस्तरतो काय ते."

"आणि ही दहा घरं? ती चारशे?"

मावशी पदराने डोळे पुसू लागली, तशी चावीताई तिच्यावर खेकसली, "तुझं झालंय ना? मग रडतेस कशाला!" आणि असं म्हणताना तिचेच डोळे भरून आले. तिने कागद भिंतीला लावला. नळ तिच्या पायाशी भरधाव वाहत होता, आणि तिने लिहून दिलं की एकही चालू जोडणी वगळलेली नाही.

"आई," लेक म्हणाली, "आपलं काय?"

"भर," चावीताई म्हणाली. "घरात असेल ते भांडं आण आणि भर."