कुई येते, कुई जाते

मी बसून खातो. आई हे शेजारपाजारी सांगते तेव्हा लोकांचा गैरसमज होतो, पण तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. मी खुर्च्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. नवी खुर्ची आली की तिच्यावर बसायचं, मागे रेलायचं, डावी-उजवीकडे डुलायचं आणि कान द्यायचा. 'कुई' असा आवाज आला की खुर्ची नापास. नाही आला, तर ती पुढे दाजींकडे जाते.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. वजनाने माझ्या दुप्पट, वर एक पोतं. कुई ऐकायला हलका माणूस लागतो, कारण जड माणसाखाली खुर्ची दबून गप्प राहते. तडा शोधायला जड माणूस लागतो, कारण मी बसलोय हे खुर्चीला कळतच नाही. दोघांनी "चालेल" म्हटल्याशिवाय कारखान्यातून एक स्टूलसुद्धा बाहेर पडत नसे. सगळे मला काडी म्हणत आणि दाजींना रणगाडा. मला तोंडावर, त्यांना पाठीमागे.

दाजी आमच्याच घरी राहतात. सकाळी आम्ही दोघं डबे घेऊन निघतो, दिवसभर बसतो आणि संध्याकाळी दमून परत येतो.

"दमलात? काय करून?" ताई रोज विचारते.

"बसून," दाजी रोज सांगतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मालक मौन शिबिराला गेले.

आठवडाभर मौन पाळून ते परतले आणि पुढचा आख्खा आठवडा त्या मौनाबद्दल बोलत राहिले. येताना त्यांनी योग शिकवणाऱ्या एक बाई सोबत आणल्या. बाई प्रत्येक वाक्याआधी श्वास घेत आणि वाक्यानंतर सोडत, त्यामुळे त्यांचं नाव दुपारच्या जेवणाआधीच श्वासबाई पडलं.

पॅकिंगच्या खोलीत पुठ्ठे अंथरून पहिला वर्ग भरला. श्वासबाईंनी सगळ्यांना डोळे मिटून आपापलं ध्येय मनात आणायला सांगितलं. मालकांच्या मनात ते आधीच येऊन बसलं होतं.

"तपासणीला दोन माणसं कशाला?" ते म्हणाले. "सजग माणूस एकटाच काडीही असतो आणि रणगाडाही. महिनाअखेरीस तुम्हा दोघांपैकी ज्याची आतून जास्त वाढ झालेली दिसेल, तो राहील. दुसऱ्याला आपण प्रेमाने निरोप देऊ."

"रणगाडा कोण?" दाजींनी डोळे उघडून विचारलं. सगळ्यांनी आपले डोळे आणखी घट्ट मिटले.

"तुमचं ध्येय?" श्वासबाईंनी त्यांना विचारलं.

"नोकरी टिकवणं."

"आणि तुमचं?"

"तेच," मी म्हणालो.

"व्वा! एकाच ध्येयाकडे दोन ऊर्जा!" बाईंनी टाळी वाजवली.

मला बसण्याशिवाय दुसरं काही येत नाही. बसायच्या इतर नोकऱ्या असतात, नाही असं नाही, पण त्यांना साहेब म्हणतात आणि त्या शिक्षण मागतात. दाजींची गत तीच. घरी जाताना वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याने हे मौन म्हणून मोजू नये.

त्या दिवसापासून घरात वाढ सुरू झाली. दाजी एका पायावर उभं राहून दात घासू लागले. मी दोन्ही पाय भिंतीला टेकवून उलटा पेपर वाचू लागलो.

"जावईबापू, पाय खाली घ्या," आई म्हणाली. "खालच्या मजल्यावर माणसं राहतात."

"मी आता झाड आहे, आई."

"मग बाहेर उभे राहा. ऊन तरी अडेल."

शवासनात मात्र दाजींना तोड नव्हती. ते त्यांना जन्मजात येत होतं. मी तिथे मार खातोय हे पाहून मी शांतपणावर जोर दिला. आता आमच्यात खरी चुरस लागली ती आधी कोण चिडतो याची. दाजींनी माझी चप्पल घालून तिचा अंगठा तोडला. मी हसलो. मी त्यांचा चष्मा उशीखाली ठेवला आणि वर त्यांनाच झोपायला सांगितलं. ते हसले. आमच्या घरात इतकं हसू यापूर्वी कधी नव्हतं, आणि ताईला त्याची धडकी भरली.

एका रात्री तिने मुद्दाम अळणी जेवण वाढलं.

मी पहिला घास घेतला. दाजींनी घेतला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मीठ नसणं," दाजी सावकाश म्हणाले, "हाही एक अनुभव आहे."

"मीठ असतं तर आपण त्यातच अडकून पडलो असतो," मी म्हणालो.

"अस्सं," ताई म्हणाली. "मग भांडी घासणं हाही एक अनुभव आहे. घ्या दोघांनी." आणि जाता जाता दारातून वळून म्हणाली, "ऐका, ज्याची नोकरी जाईल त्याने घरी येऊन बसायचं नाही. इथे बसण्याचे पैसे मिळत नाहीत. आणि ज्याची राहील, त्याने मला तोंड दाखवायचं नाही. एक माझा नवरा आहे आणि एक माझा भाऊ. कुणीही जिंकलं तरी हरणार मीच."

आम्ही भांडी सजगपणे घासली. दोन बशा फुटल्या, तेवढ्या आम्ही स्वीकारल्या.

कारखान्यात याहून मोठी गोष्ट घडत होती. श्वासबाईंनी शिकवलं होतं, "नुसतं पाहा. चांगलं-वाईट ठरवू नका. आवाज येतो, आवाज जातो. तुम्ही फक्त साक्षी." मालक हे ऐकून डोलत, आणि डोलता डोलता आम्हा दोघांवर नजर ठेवत. तेव्हा चांगलं-वाईट ठरवण्याचा पगार घेणारे आम्ही दोघं हादरलो, पण ध्येय ते ध्येय.

पुढची खुर्ची आली. मी बसलो. कुई. मी ती येऊ दिली, जाऊ दिली आणि म्हणालो, "चालेल." दाजी बसले. खालून काहीतरी तडकलं. दाजींनी श्वास सोडला. "चालेल."

नापास खुर्च्यांचा ढीग बंद झाला. मालक हरखले. सुतारखात्याचे मुकादम त्यांच्याहून हरखले, कारण ते आता सांधा चिकटवायला सरस घालायचं विसरले तरी कुणी बोलत नव्हतं. मग त्यांनी हळूहळू आठवण ठेवणंच सोडलं. एका खुर्चीचे तीन पाय सारखे आणि चौथा आखूड होता. "ती आपला समतोल शोधतेय," मी म्हणालो. एकीची पाठ पुढच्या बाजूला बसवली होती. दाजी तिच्याकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "तिने आत वळायचं ठरवलंय." ती खुर्चीसुद्धा गाडीत चढली.

गाडी चालली होती श्वासबाईंच्याच नव्या केंद्रात. ज्यांना जमिनीवर बसवत नाही अशांसाठी त्यांनी खुर्चीवरचं ध्यान सुरू केलं होतं. उद्घाटनाला मालकांनी सगळ्या कारखान्याला नेलं. तिथेच निकाल लागणार होता. ध्यानात जो शेवटपर्यंत स्थिर राहील, ना हलेल ना बोलेल, त्याची नोकरी पक्की.

मोठी पांढरी खोली, आमच्याच खुर्च्यांच्या रांगा. मालक आणि श्वासबाई समोर, मी आणि दाजी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी.

"श्वास घ्या," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी घेतला. सगळी खोली म्हणाली, कुईऽऽ.

"सोडा."

कुईऽऽ.

काही पाहुण्यांना वाटलं की हे संगीत आहे. एक आजी तर गहिवरल्या. मी मात्र बसल्या जागी मरत होतो. एवढ्या कुया एकदम मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या आणि त्यांतल्या प्रत्येक कुईला मीच "चालेल" म्हटलं होतं. मी बाईंचं ऐकलं. लक्ष श्वासावर आणलं. मन शांत होऊ लागलं, आणि खोटं कशाला बोलू, खरंच झालं. इतकं शांत झालं की सगळ्या कुयांच्या खालून मला एक बारीक आवाज ऐकू आला.

कट्.

तो डावीकडून आला. दाजींच्या खुर्चीचा मागचा पाय.

आवाज येतो, आवाज जातो, मी स्वतःला सांगितलं. कट्. हा जाईना. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दाजी दगडासारखे स्थिर. चेहऱ्यावर शवासनातली शांती. त्यांच्या पाठीमागे दुसऱ्या रांगेकडे चढणारी दगडी पायरी होती. नुसतं गप्प बसलो असतो तरी काम झालं असतं. ते पडले असते म्हणजे हलले असते, म्हणजे नोकरी माझी. मला काहीच करायचं नव्हतं, आणि काहीच न करणं हाच तर अभ्यासक्रम होता. ताईचं तोंड डोळ्यांसमोर आलं. मी तेही जाऊ दिलं. ते परत आलं, हातात पळी घेऊन.

कट्-कट्.

"नापास!" मी ओरडलो. "दाजी, उठा! मागचा पाय!"

दाजी उठले. क्षणभर काहीच झालं नाही, मग खुर्ची एखाद्या दमलेल्या म्हशीसारखी आपली आपण खाली बसली.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी हरलो होतो. मी आधी बोललो होतो. त्यांना फक्त उभं राहायचं होतं, झाडासारखं.

"काडी," ते म्हणाले, "तुझीही नापास आहे रे. मघापासून ऐकतोय. ऊठ."

आणि मग महिनाभराचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं.

"ही डुलतेय, नापास!"

"आजी, उठा, पाठ उलटी आहे!"

"मला वाटलं अशीच असते," आजी म्हणाल्या.

"मुकादम, तुम्हीच बनवलीत ना? मग बसलात कुठल्या धाडसाने?"

"मी बसलोच नाहीये," मुकादम म्हणाले. ते खरोखरच मघापासून खुर्चीच्या चार बोटं वर अधांतरी होते. सगळ्या खोलीत खरं आसन एकट्या त्यांनीच केलं होतं.

सगळे उठले. श्वासबाई तेवढ्या उठल्या नाहीत. "मी स्थिर आहे," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, जराही न डगमगता हळूहळू जमिनीपर्यंत पोचल्या.

मालकांनी आम्हाला कोपऱ्यात बोलावलं. त्यांचा चेहरा शिबिराआधीसारखा झाला होता.

"तुमच्यापैकी एकाचीही वाढ झालेली नाही," ते म्हणाले. "एक ओरडला, दुसरा त्याहून मोठ्याने ओरडला. या एका जागेला तुमच्यातला एकही लायक नाही."

"मग?" दाजींनी विचारलं.

"मग काय! ती जागा रिकामी राहील. लायक माणूस मिळेपर्यंत तुम्ही दोघं आहात तिथेच बसा."

आम्ही मान खाली घातली. वर केली असती तर हसू दिसलं असतं.

घरी ताई दारातच उभी होती. "कुणाची गेली?"

"कुणाचीच नाही," दाजी म्हणाले. "आम्ही दोघंही नालायक निघालो."

"हे मी लग्नातच सांगितलं होतं," आई आतून म्हणाली.

ताई डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि पानं वाढली. मी पहिला घास घेतला. दाजींनी घेतला. आनंदाच्या भरात तिने मीठ दोनदा घातलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, श्वास घेतला, सोडला.

"नापास," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

भांडी आम्हीच घासली.