ठोका कोणाचा

बाळांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर तापीकाठच्या प्रकाशा गावाला चला. अशी कल्पना करा, की संध्याकाळ झाली आहे, देवापुढे दिवा लागला आहे आणि तुम्ही चौथीतली किंजल आहात. समोर खाटेवर तुमची फुई, म्हणजे आत्या, पडून आहे. रुपा तिचं नाव. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली आहे.

तिच्या नवऱ्याने सुरतहून एक छोटं मशीन पाठवलं होतं. पोटावर जेल लावून ते फिरवलं, की बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येत. रोज दिवेलागणीला आजी, म्हणजे कमलबाई, मशीन लावायची आणि फोन करून सुरतच्या विहीणबाईंनाही ऐकवायची. ठोके इतके भरभर पडायचे, की विहीणबाई म्हणायच्या, "सारंगखेडानी यात्रामा घोडं धावस तसं."

त्या दिवशी मात्र सकाळपासून बाळ हललं नव्हतं.

"माय, आपण शहादाले दवाखानामा जाऊत ना," रुपा दुपारपासून म्हणत होती.

"पहिले आयकी लेऊत," कमलबाई म्हणाली. "नववा महिनामा पोर आळशी व्हस. तू बी तशीच व्हती."

मशीन बराच वेळ नुसतं खरखरत राहिलं. मग एका जागी ठोका लागला. ढप्, ढप्.

"हाई आयक, चालू शे," कमलबाईने फोन पोटाजवळ नेला.

"आज घोडं थकेल दिखस," विहीणबाई म्हणाल्या.

"तुमना पोऱ्यावर गयं ते."

दोघी विहिणी हसल्या. रुपा हसली नाही, पण तिने डोळे मिटून घेतले. दवाखान्याचं नाव आता कोणी काढणार नव्हतं.

किंजलने फुईचा हात धरला होता. बोटांखाली मनगटाची नाडी उडत होती. नाडी उडाली की मशीन वाजे, मशीन वाजलं की नाडी उडे. एकदाही मागेपुढे नाही.

पोटातल्या बाळाचं काळीज आईच्या काळजापेक्षा खूप भरभर चालतं, बाळांनो. दोघांचे ठोके असे जोडीने पडत नाहीत. मशीन ठोका पकडतं. तो कोणाचा, ते सांगत नाही.

"आजी, हाऊ आवाज बाळना नही शे," किंजल म्हणाली. "फुईना शे."

"चूप बस." कमलबाईने फोनवर हात ठेवला. "दिवा लागेल शे, अन् तू असं बोलस? विहीण आयकी ऱ्हायनी."

रुपाने डोळे उघडले. "काय बोलनी ती?"

मशीन ढप् ढप् करत राहिलं.

किंजलने आजीचा हात फोनवरून काढला, तिची बोटं फुईच्या मनगटावर टेकवली आणि मशीनचा आवाज मोठा केला. आजी हात ओढून घेऊ लागली. किंजलने तो सोडला नाही.