तात्यांचं टेबल

नव्या साहेबांनी फर्मान काढलं: संध्याकाळपर्यंत प्रत्येक टेबल लख्ख दिसलं पाहिजे. जुने कागद निवडत बसायला वेळ कुणाला? टायपिस्ट बाईंनी आपला गठ्ठा उचलला आणि आजारी रजेवर असलेल्या तात्यांच्या टेबलावर नेऊन टाकला. "तात्या आले की बघतील!" बाईंचं पाहून सगळ्यांनीच तिथे हात मोकळे केले. अशी अक्कल मात्र बरी सुचते! साहेब खूश झाले, आणि पुढे रोजचा नकोसा कागदही तिथेच जाऊ लागला.

काही महिन्यांनी तात्या काठी टेकत आले, तर खुर्चीसुद्धा कागदांखाली गडप. तेवढ्यात साहेब कडाडले, "रजेवर जाताना टेबल तरी आवरून जायचं!"

बाईंनी टाइपरायटरमध्ये कोरा कागद सरकवला. बाकीच्यांनी रिकाम्या टेबलांत डोकी खुपसली.

"चुकलं, साहेब," तात्या म्हणाले आणि उभ्यानेच एकेक कागद निवडू लागले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण झालं की आपण मदतीला जायचं, त्यांनी ठरवलं.

बाई जेवून परतत असताना शिपायाने त्यांच्या हातात एक कागद दिला. चालता चालता त्यांनी तो तात्यांच्या ढिगावर ठेवला, आणि जाऊन आपलं टेबल फडक्याने पुसलं.