पस्तीसपैकी पस्तीस

गेल्या तीन वर्षांत परदेशातल्या कॉर्क शहराच्या त्या लॅबमध्ये एकही यंत्र नापास झालं नव्हतं. याचं श्रेय यंत्रांना अजिबात नव्हतं. ते देवदत्त मुळ्येला होतं.

लॅब म्हणजे गावाबाहेरचं एक पत्र्याचं गोदाम. एका कंपनीचा मोबाइलचा मनोरा दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्याशी धड बोलत नाही, ही सगळ्या धंद्याची जुनी दुखरी नस. म्हणून मनोरे बनवणाऱ्या अकरा कंपन्यांची मिळून एक संघटना होती. वर्षातून दोनदा सगळ्यांनी आपापली खोकी घेऊन कॉर्कला जमायचं, ती एकमेकांना जोडायची आणि त्यांचं जमतंय का ते बघायचं. याला म्हणायचं प्लगफेस्ट. फेस्ट कसला डोंबलाचा! चार दिवस गार सँडविच खायचे, वायरींच्या जंजाळात बसायचं आणि पाचव्या दिवशी निकालाच्या तक्त्यावरून भांडायचं.

कारण खरी मेख त्या तक्त्यात होती. तक्त्यातला प्रत्येक शब्द अकराही कंपन्यांना मान्य असावा लागे. कुणाच्या नावापुढे ‘नापास’ लिहिलं की ती कंपनी रुसून संघटनेतून बाहेर पडणार, हे ठरलेलं. पहिल्याच वर्षी अशी एक बारावी कंपनी गेलीही होती. तेव्हा संचालक फर्गलने देवदत्तला चाचण्यांचा समन्वयक नेमलं आणि सगळा प्रश्नच सुटला.

देवदत्तची आई नाशकात वधूवर सूचक केंद्र चालवायची. कॉलेजच्या सुट्ट्यांत मुलामुलींची माहितीपत्रकं लिहायचं काम याच्याकडे. तापट मुलगा ‘स्पष्टवक्ता’ व्हायचा. कुठलीच नोकरी धड न टिकलेला ‘विविध क्षेत्रांचा अनुभव असलेला’ व्हायचा. आईला विचारल्याशिवाय पाणीही न पिणारा? ‘कुटुंबवत्सल’! हाच हात आता कॉर्कमध्ये चालत होता. दर तासाला बंद पडणारं यंत्र ‘ठरावीक अंतराने स्वतःला ताजंतवानं करतं’ आणि पास. एकमेकांना ओळखही न देणारी दोन यंत्रं ‘परिचय वाढवण्यास वाव’, आणि पास. त्यातून चाचण्या नेमक्या छत्तीस. ब्रसेल्सकडच्या कुठल्याशा कमिटीने हा आकडा कशावरून काढला देव जाणे, पण लॅबमधली मराठी मंडळी त्याला सरळ गुणमेलनच म्हणायची. अकरा कंपन्यांत मिळून तशी नऊ माणसं होती. पत्रिका जुळवायला एवढी पुरे.

या वेळी मात्र देवदत्तचा स्वतःचाच जीव त्या तक्त्यात अडकला होता. त्याची बायको मुक्ता लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. देश म्हणजे एक बेटच, पण हा त्याच्या या टोकाला, ती त्या टोकाला. मध्ये सहा तासांचा रस्ता, आणि तिकडे रेल्वे म्हणून नाहीच. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि एकत्र घालवलेले दिवस मोजले तर चार महिने भरले नसते. घरून काम करायची परवानगी मिळाली तर तो उद्या सामान बांधून निघाला असता. अर्ज सात महिने फर्गलच्या टेबलावर पडून होता.

प्लगफेस्टच्या पहिल्या दिवशी फर्गलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “या वेळचा अहवाल एका मोबाइल कंपनीला जाणार आहे. त्यावरून ते नवे मनोरे निवडणार. छत्तीसपैकी छत्तीस आण, शुक्रवारी तुझ्या अर्जावर सही. सगळं ग्रँड होईल.”

देवदत्तने त्याच दुपारी मुक्ताला कळवून टाकलं. तिनेही उतावीळपणे त्याच्या मसाल्यांसाठी स्वयंपाकघरातलं एक प्रेस रिकामं केलं. कपाटाला प्रेस म्हणायला ती तिकडेच शिकली होती.

गुरुवार दुपारपर्यंत पस्तीस गुण जुळले. छत्तिसाव्याने मात्र घात केला.

छत्तिसावी चाचणी साधीच होती. तुम्ही गाडीतून बोलत चाललात, की एक मनोरा मागे पडतो आणि पुढचा तुमचा फोन झेलतो. झेलाझेलीत बोलणं तुटता कामा नये, एवढंच. लॅबमध्ये गाडी कुठून आणणार? म्हणून एक यंत्र होतं, ते फोनला फसवायचं की तू रस्त्याने धावतोयस. आता या दोन मनोऱ्यांच्या कंपन्यांची नावं कशाला घ्या? टी-शर्टवरून ओळखू. नारिंगी कंपनीचा सारंग फोन सोडणाऱ्या मनोऱ्याच्या बाजूला होता, निळ्या कंपनीच्या विजयालक्ष्मीताई झेलणाऱ्या बाजूला.

ताशी ऐंशीला बोलणं तुटलं. पुन्हा केलं, पुन्हा तुटलं. दहादा केलं, नऊदा तुटलं.

“आमचा मनोरा वेळेवर सोडतोय,” सारंग म्हणाला. “ताईंचा झेलत नाही.”

“झेलायला आधी नीट टाकावं लागतं रे बाबा,” विजयालक्ष्मीताई म्हणाल्या. त्या सोलापूरच्या, वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. “कुठं पण फेकायचं आणि वर म्हणायचं धरलं नाही!”

मग सारंगने वेग उतरवत नेला. साठला तुटलं, पन्नासला तुटलं. तिसाला टिकलं.

“झालं की!” सारंग टाळी वाजवत म्हणाला. “कागदावर काय लिहिलंय? ‘वाहनाच्या वेगाने’. ट्रॅक्टर वाहन नाहीये का?”

देवदत्तला हे फारच आवडलं. त्याने छत्तिसाव्या रकान्यात झोकात लिहिलं, “ग्रामीण वाहतुकीच्या वेगाशी सुसंगत. पास.” लिहून झाल्यावर त्याने वाक्य दोनदा वाचलं. आईने शाबासकी दिली असती असं वाक्य होतं. सारंगने तर त्याचा फोटोच काढून ठेवला.

अहवालाला एक पुरवणी जोडायची राहिली होती, हे नवे मनोरे कुठे बसणार त्याची यादी. मोबाइल कंपनीकडून आलेली ती फाईल देवदत्तने उघडली. एकेचाळीस जागा, सगळ्या डोनेगलमधल्या, म्हणजे लेटरकेनीच्याच जिल्ह्यातल्या. त्यातल्या सहा लेटरकेनीहून निघणाऱ्या एकाच रस्त्यावर. तो रस्ता त्याला पाठ होता. मुक्ताचं भाड्याचं घर त्याच रस्त्यावर होतं, हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर.

त्याने तिला फोन लावला. ती नेमकी जेवत होती.

“तू घरी जाताना गाडी किती वेगाने चालवतेस गं?”

“ऐंशी. त्याहून कमी केली की मागचे हॉर्न मारतात. का?”

“सहज. गाडीत असताना हॉस्पिटलचे फोन येतात?”

“म्हणजे काय! परवा अख्ख्या रस्त्यात ज्युनियरला सांगत आले, काय द्यायचं, किती द्यायचं. एक मिनिट उशीर झाला असता तर तो पेशंट गेलाच होता. पण का रे?”

“सहज.”

“फर्गलने सही केली का?”

“उद्या करतोय,” देवदत्त म्हणाला आणि घाईने फोन ठेवला.

कॉफीच्या यंत्रापाशी विजयालक्ष्मीताई उभ्या होत्या. त्याचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, काय झालं. त्याने यादी दाखवली. लेटरकेनीला कोण असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“ताई, हे दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?”

“दिवस?” ताई हसल्या. “दोन ओळींचा बदल आहे. आमच्याकडे एक, सारंगकडे एक. मागच्या प्लगफेस्टलाच कळलं होतं आम्हाला.”

“मग केला का नाही?”

“कसा करणार? दोष आहे असं कुठं तरी लिहून आल्याशिवाय आमच्याकडं कोडला हात लावता येत नाही. मी साहेबाला सांगितलं, तो म्हणाला दोषाचा कागद दाखव. कागदावर काय? पास. तू लिहिलंयस ना, ‘संवादास किंचित विश्रांती, पास’.” त्यांनी कॉफी ढवळली. “तुझे शब्द गोड आहेत देवदत्त, पण तीन वर्षांत इथं एक स्क्रूसुद्धा दुरुस्त झालेला नाही.”

तोंडात मारल्यासारखा देवदत्त उभा राहिला. तीन वर्षं त्याला वाटत होतं की आपण अकरा घरं जोडून ठेवली आहेत. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, त्या रिकाम्या प्रेसची आठवण येऊन रडूही आलं. जागेवर जाऊन त्याने ते सुरेख वाक्य खोडलं आणि लिहिलं, “ताशी ऐंशीला दहापैकी नऊ वेळा बोलणं तुटलं. नापास.”

शुक्रवारच्या बैठकीत तक्ता भिंतीवर झळकला. पस्तीस हिरवे रकाने आणि खाली एक लाल. लाल रंग त्या संगणकात आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं. नारिंगी कंपनीचा वरिष्ठ म्हणाला, हा प्रोजेक्टरचा दोष असेल. निळ्या कंपनीच्या वरिष्ठाने विचारलं, ‘तुटलं’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या आपण केलेली आहे का? मग व्याख्येवर पाऊण तास गेला. कुणी म्हणालं, तुटलेलं बोलणंसुद्धा तुटेपर्यंत उत्तमच चाललं होतं, त्याची नोंद कुठे आहे? सारंग फोनमध्ये डोकं घालून बसला. विजयालक्ष्मीताईही मूग गिळून होत्या. त्यांचं वर्क परमिट कंपनीच्या हातात होतं, आणि मुलगी यंदा बारावीला.

शेवटी तोडगा फर्गलनेच काढला. तोडगे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

“छत्तिसावी चाचणी मुळात वाहनाची,” तो म्हणाला. “आपण दूरसंचारवाले. वाहनं हा आपला विषयच नाही. ती चाचणीच काढून टाकू.”

अकराच्या अकरा हात वर गेले. लाल रकाना भिंतीवरून नाहीसा झाला आणि तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरं आली, “पस्तीसपैकी पस्तीस.” टाळ्या पडल्या. संघटनेच्या इतिहासात एवढं एकमत कधी झालं नव्हतं. नापास लिहिणाऱ्याचेच आभार मानायचे असंही ठरलं, कारण त्याच्यामुळे चाचण्यांची यादी सुटसुटीत झाली.

फर्गलने देवदत्तला आपल्या खोलीत नेलं. टेबलावर दोन कागद होते. एक अहवाल, समन्वयकाच्या सहीसाठी. दुसरा देवदत्तचा अर्ज, त्यावर फर्गलची सही झालेलीसुद्धा.

“घे,” फर्गल म्हणाला. “तू इथे सही कर, मी हा पाठवतो. सोमवारपासून लेटरकेनी. तुझी बायको खूश होईल बघ.”

फर्गल माणूस वाईट नव्हता, ही त्यातली पंचाईत. देवदत्तने पेन उचललं. अर्जावरची ती निळी सही एकदा पाहिली. मग त्याने पेन खाली ठेवलं.

“मी नाही करणार.”

“काय नाही करणार?”

“सही. त्या रस्त्यावर ते मनोरे ऐंशीला चालत नाहीत, फर्गल. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

फर्गलने नियमांची फाईल उघडली. समन्वयकाच्या सहीशिवाय अहवाल जात नाही, असं पान चारवर होतं. समन्वयकाने सही नाकारली तर काय करायचं, हे कुठल्याच पानावर नव्हतं. असा प्रसंग येईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बैठक पुन्हा भरली. दोन तासांच्या चर्चेनंतर ‘सही नाकारण्याच्या प्रसंगी अवलंबायची पद्धत’ ठरवायला सात जणांची उपसमिती नेमण्यात आली. तिची पहिली सभा मार्चमध्ये. तोवर अहवाल स्थगित, म्हणजे मनोऱ्यांची खरेदीही स्थगित. आणि समन्वयक हा या वादातला पक्षकार असल्यामुळे उपसमितीचा निर्णय होईपर्यंत त्याने कॉर्क सोडू नये, म्हणजे अर्जही स्थगित. दोष मात्र अहवालात नाही, तरी बैठकीच्या टिपणात ‘नापास’ या शब्दानिशी नोंदला गेला. बाहेर पडताना विजयालक्ष्मीताईंनी ते टिपण घडी करून पर्समध्ये टाकलं. “साहेबाला कागद पाहिजे होता ना,” एवढंच त्या म्हणाल्या.

देवदत्तने संध्याकाळी मुक्ताला सगळं सांगितलं. ती नुकतीच घरी पोचली होती, कोटही काढला नव्हता. तिने उभ्याउभ्याच ऐकून घेतलं.

“म्हणजे सही केली नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“आणि येत नाहीयेस.”

“मार्चपर्यंत तरी नाही.”

“मला विचारलंस?”

काल देवदत्तने विचारायला फोन केला होता आणि ‘सहज’ म्हणून ठेवला होता.

“मी दोन फोन ठेवले असते, देवदत्त! दोन कंपन्यांची दोन सिम. त्यात काय एवढं? दोन वर्षं मी इथे एकटी राहतेय. रोज एकटी जेवते. तुला एक सही करता आली नाही?”

“तू ठेवले असतेस,” तो म्हणाला. “कारण तुझा नवरा या धंद्यात आहे. त्या रस्त्यावर कुणाची गाडी उलटली आणि त्याने मदतीसाठी फोन लावला, तर त्याच्याकडे एकच फोन असेल. त्याला कोण सांगणार होतं?”

पलीकडे ती रडत होती, आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. दिवसभर ती अशाच उलटलेल्या गाड्यांतली माणसं बघत असे.

“बरोबर केलंस,” ती शेवटी म्हणाली. “आणि मला तुझा भयंकर राग आलाय. आणि तो जाणार नाहीये.”

देवदत्तला त्या वाक्यांतला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.