एर्सिलियाबाईंच्या हातचं

रोमहून आलेल्या पाहुण्यांनी बशी जवळजवळ भरलेलीच परत पाठवली. राजम्याचा दाट रस्सा आणि त्यात हाताने कापलेल्या पास्त्याच्या पट्ट्या. आमच्या खानावळीत लोक एवढ्यासाठी डोंगर चढून यायचे.

"काय झालं?" सासूबाईंनी चुलीपासूनच विचारलं.

"भूक नाही म्हणतात," मी म्हणाले.

"भूक नाही, तर एवढा घाट चढून आले कशाला?"

एप्रनला हात पुसत त्या जेवणघरात गेल्या. मी मागोमाग. आमच्या गावच्या संताचा, सान रोक्कोचा सण असल्याने सगळी टेबलं भरलेली. खिडकीशी नझारेनो बसले होते. गावात येणारी एकुलती एक बस त्यांनी म्हातारे होईपर्यंत चालवली. बायको गेल्यापासून ते आमच्याकडेच जेवत. त्यांची बशी लख्ख होती आणि पाण्याचा जग रिकामा.

"नझारेनो, खारट झालंय?"

"मला नाही लागलं."

"मग विहीर उपसल्यासारखं पाणी का पितोयस?"

"उकडतंय गं, एर्सिलिया."

सासूबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि आत वळल्या. पळीत रस्सा घेऊन त्यांनी चाखला. पुन्हा चाखला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग पळी माझ्यापुढे धरली.

"ओर्नेल्ला, तू सांग."

"आई, आज गर्दी आहे, नंतर..."

"खरं सांग."

"खारट आहे. खूप."

"आजच?"

मी पळी परत भांड्यात ठेवली. हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला होता. तापातून उठल्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. शेगडीवर कॉफी करपली तरी त्यांना वास येत नसे. त्या कुणाला बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्या पाहुण्यांशी बोलायला बाहेर गेल्या की मी भांड्यात कधी मीठ घालायची, कधी पाणी. आज सणाच्या गडबडीत तेवढी सवड मिळाली नाही.

"म्हणजे तू सावरून घेत होतीस."

"हो."

आता भडका उडणार, असं वाटलं. मी सून म्हणून आले तेव्हा याच बाईंनी मला मिठाला हात लावू दिला नव्हता. किनाऱ्याकडच्या पोरींचा हात मिठाला सैल असतो, म्हणायच्या.

"म्हणूनच लोक अजून येतायत तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग एप्रन सोडून ठेवत म्हणाल्या, "बिनमिठाचा राजमा आहे मागच्या भांड्यात. तो घे. मी इथं थांबले तर तुझ्या हाताकडेच बघत बसेन."

बाहेर जाऊन त्यांनी नझारेनोंसमोरची खुर्ची ओढली. मी या घरात आल्यापासून त्यांना तिथं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं जेवण म्हणजे सगळे पांगल्यावर, चुलीपाशी उभ्याने, भांड्याच्या तळाशी उरेल ते.

मी नवा रस्सा केला. मीठ घालून दोनदा चाखला. पहिली बशी सासूबाईंपुढे ठेवली आणि तिथंच उभी राहिले. त्या सावकाश चावत होत्या.

"कसं झालंय?" नझारेनोंनी विचारलं.

"गरम आहे. पट्ट्या नीट शिजल्यात. मिठाचं तू बघ."

नझारेनोंनी सासूबाईंच्याच बशीत चमचा बुडवला. "तुझ्यासारखं नाही झालं," ते म्हणाले. मग आणखी एक चमचा घेतला. "पण चांगलंय."

"मग राहू दे. माझ्यासारखं कशाला हवंय?" माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "जा, रोमवाल्यांना वाढ. निवेल."

मी रोमच्या टेबलावर बशा ठेवल्या. तिथल्या बाईंनी एक घास खाऊन मान डोलावली आणि शेजारच्या टेबलाकडे वळून सासूबाईंना विचारलं,

"तुम्ही इथं नेहमी जेवता का?"

सासूबाईंनी रुमालाने ओठ टिपले.

"नाही," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच."

आणि पावाचा तुकडा मोडून त्यांनी बशीतला रस्सा पुसून घेतला.