चाकणच्या घंटेआधी

देहूरोडच्या लष्करी लिलावातली मोटरसायकल प्रभाकरने पिंपरीला आणली ती टेम्पोत आडवी घालून. कॉलनीत ती उतरवली तेव्हा शेजारच्या विमलबाई गॅलरीतून म्हणाल्या, "भावजी, हे भंगार घेतलंत की विकायला काढलंत?"

गाडी विलायती बीएसए होती, महायुद्धाच्या काळातली. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि पिस्टन सिलिंडरला असा धरून बसला होता, की किकवर उभं राहिलं तरी ती हलत नव्हती. कंपनीत दिवसभर ड्रॉइंग बोर्डावर यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या प्रभाकरला खरं यंत्र उघडायला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याची प्रत्येक संध्याकाळ व्हरांड्यात गेली. पिस्टन रॉकेलमध्ये मुरवून सोडवला. व्हॉल्व्ह घासून बसवले. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा डबा, उन्हात वाळवून त्याची तार पुन्हा गुंडाळून आणली.

अडलं की चिंचवड स्टेशनजवळच्या कादरच्या गॅरेजात जायचं. कादर हत्यारं फुकट देई आणि टोमणेही.

"राव, एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. दोन बदलल्यास आणि गाडी चालली, तर कशामुळे चालली ते तुला जन्मात कळायचं नाही."

पद्मजाला, प्रभाकरच्या बायकोला, गाडीचं सुरुवातीला विशेष काही वाटलं नव्हतं. पण भाद्रपदात चाकणच्या शाळेत विज्ञान शिकवायला जागा निघाली आणि ती रोज व्हरांड्यात डोकावू लागली. बी.एस्सी., बी.एड. होऊन ती लग्नापासून घरातच होती. जवळच्या प्रत्येक शाळेने तिला 'कळवू' म्हणून सांगितलं होतं. चाकणला तिची मुलाखत उत्तम झाली. अडचण एकच होती. शाळा सकाळची, आणि पहिली एसटी प्रार्थना संपल्यावर पोचायची. संस्थेचे सचिव ज्ञानदेवराव स्पष्ट बोलणारे. "आधीच्या बाई पिंपरीच्याच व्हत्या. रोज उशीर. आता गावातलीच एक मुलगी बघून ठेवलीय आमी."

"आमची गाडी आहे," पद्मजा म्हणाली होती. गाडी तेव्हा तुकड्यांत होती.

"मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या गाडीवरनं. घंटेच्या आत आलात तर जागा तुमची."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी प्रभाकर एकटाच तळेगावपर्यंत जाऊन आला. इंजिन कुठे अडखळलं नाही, तापलं नाही. दसऱ्याला व्हरांड्यात गाडीची पूजा झाली. पद्मजाने टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला झेंडूची माळ घातली. टाकीचं पितळी झाकण प्रभाकरने स्वतः घासून सोन्यासारखं केलं होतं. त्यावर त्याने तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा अंगठ्याने दाबून लावला. मग टाकी काठोकाठ भरून आणली.

दुसऱ्या दिवशी फटफटीत उजाडायच्या आत दोघं निघाली. भोसरी मागे पडली आणि इंजिनाने दोन आचके दिले. गाडी थांबली.

प्रभाकरने झाकण उघडून आत पाहिलं. पेट्रोल भरपूर. प्लग काढला, पुसला, बसवला. किक मारली, गाडी सुरू झाली.

"प्लग खराब होता," तो म्हणाला.

मोशीच्या अलीकडे पुन्हा तेच. पुन्हा त्याने झाकण उघडून पाहिलं आणि या वेळी प्लग नवाच घातला. गाडी सुरू झाली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, आणि कुरुळीच्या शिवारात पुन्हा मुकाट्याने थांबली.

आता प्रभाकरची नजर मॅग्नेटोकडे गेली. मॅग्नेटो गेला असेल, तर तो रस्त्यावर दुरुस्त होणार नव्हता. मागून कांद्याचा ट्रक आला. ड्रायव्हरने वेग कमी करून डोकं बाहेर काढलं. "चाकण मार्केटला चाललोय. बाई, बसता का?"

"जा तू," प्रभाकर म्हणाला. "निदान वेळेवर पोचशील."

पद्मजाने ट्रककडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आज ट्रकने पोचेन. उद्या?" तिने ड्रायव्हरला हात केला. "जा भाऊ, आमची गाडी आहे."

ट्रक गेला. प्रभाकर गाडीजवळ उकिडवा बसला आणि सवयीने त्याने प्लगचा पाना उचलला.

"परवा तळेगावला जाऊन आलात, तेव्हा कुठे बंद पडली नाही ना?" पद्मजाने विचारलं.

"नाही."

"मग तेव्हापासून गाडीला काय केलंत?"

"काहीच नाही. पूजा केली."

पाना हातातच राहिला. कादरचं बोलणं त्याच्या कानात वाजलं. दोन्ही वेळा त्याने प्लगला हात लावला होता हे खरं. पण दोन्ही वेळा त्याआधी झाकणही उघडलं होतं. दोन गोष्टी केल्या होत्या आणि श्रेय दिलं होतं एकीला. त्याने पाना खाली ठेवला आणि फक्त झाकण फिरवलं. टाकीने हवा आत ओढली. 'सूंऽ' असा बारीक आवाज पद्मजानेही ऐकला.

त्याने किक मारली. प्लगला हात न लावता गाडी सुरू झाली.

"झाकण!" प्रभाकर ओरडला. "अगं, पेट्रोल खाली जायचं तर वरून टाकीत हवा यायला पाहिजे. त्यासाठी झाकणाला मधोमध भोक असतं. आणि त्याच भोकावर मी—"

झाकणावर वाळलेला टिळा लालभडक दिसत होता.

"पिन दे."

पद्मजाने पदराची पिन काढून दिली. त्याने भोक टोकरलं, झाकण तोंडाला लावून जोरात फुंकलं. कुंकवाची गुठळी उडाली आणि वारा पलीकडे गेला. झाकण लावून तो गाडीवर बसला. "बस लवकर."

आता त्याने ॲक्सिलरेटर पिळला तो सोडलाच नाही. चिंबळी फाटा मागे पडला. जुन्या इंजिनाचा जाड, सारखा ठोका शेतांवरून पुढे धावत होता. पद्मजा एका हाताने सुटलेला पदर धरून बसली होती. कांद्याचा ट्रक पुढे दिसला. त्याला मागे टाकताना तिने ड्रायव्हरला हात केला, त्याने भोंगा वाजवला.

शाळेच्या फाटकात ज्ञानदेवराव घड्याळ बघत उभे होते. शिपाई घंटेपाशी जात होता. गाडी पाहून ते पुढे आले.

"मिलिटरीची हाय व्हय?" त्यांनी टाकीवर हात ठेवला. "वाटेत बंद न्हाई पडली?"

"तीनदा पडली," पद्मजा म्हणाली. प्रभाकरने डोळे मिटले. "आता पडणार नाही. कारण सापडलंय."

ज्ञानदेवरावांनी प्रभाकरकडे पाहिलं. त्याचे ओठ कुंकवाने लाल झाले होते. "साहेबांनी पानाचा इडा खाल्ला वाटतं सकाळी सकाळी." आणि वळून म्हणाले, "सातवीचा वर्ग डाव्या हाताला हाय, बाई. चला."

मागे घंटा झाली. प्रभाकरने गाडी वळवली. चाकणपासून पिंपरीपर्यंत इंजिन एकदाही थांबलं नाही, आणि तो कंपनीच्या फाटकात शिरला तेव्हा भोंगा नुकताच सुरू झाला होता.

संध्याकाळी दोघं पेढे घेऊन कादरच्या गॅरेजात गेली. सगळी हकिगत ऐकून कादर इतका हसला, की हातातलं चहाचं फुलपात्र त्याला खाली ठेवावं लागलं.

"राव, इंजिन असं बांधलंस की माझाही हात मागे पडावा, आणि बंद पाडलंस अंगठ्याने! वहिनी, पुढच्या वर्षी यांना टिळा मडगार्डला लावायला सांगा."

"छे," पद्मजा म्हणाली. तिच्या बोटांना अजून खडू होता. "झाकणालाच लावणार. मीच लावीन. भोक सोडून."